पत्र्यातून उतरलेलं ग्रहण

मालनबाईंनी खिडकीच्या फटींतसुद्धा चिंध्या कोंबल्या होत्या. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या कावेरीवर ग्रहणाची सावलीही पडायला नको, म्हणून दुपारपासून त्यांनी लेकीला मागच्या खोलीत निजवलं होतं. काही चिरायचं नाही, हलायचं नाही.

"कुठल्या जमान्यात राहतेस," असं म्हणून शरदराव अंगणात कॅमेरा लावून बसले होते. ग्रहणाचे फोटो काढायची त्यांना भारी हौस. भिंगावर काळी फिल्म चढवून ते सूर्य टिपत होते.

ग्रहण अर्ध्यावर आलं तेव्हा आतून हाक आली, "अहो, आधी आत या." आवाज ऐकून ते कॅमेऱ्यासकट धावले.

खोलीवरचा पत्रा जुना. खिळ्यांच्या भोकांतून कवडसे उतरले होते आणि एकूण एक कवडसा बाहेरच्या ग्रासलेल्या सूर्यासारखाच, चंद्रकोरीसारखा वाकडा होता. कावेरीच्या पोटावर ग्रहणंच ग्रहणं सांडली होती. मालनबाई पदर पसरून ती झाकू बघत होत्या, पण पदर पुरत नव्हता.

असा फोटो पुन्हा मिळणार नव्हता. शरदरावांनी घाईने फिल्म काढली, कॅमेरा डोळ्याला लावला. त्यात त्यांना एकेक कवडसा झाकायला धावणारे बायकोचे हात दिसले.

त्यांनी कॅमेरा स्टुलावर ठेवला आणि ते लेकीवर ओणवे झाले. सगळी ग्रहणं त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर आली.

मालनबाई त्या पाठीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तो कॅमेरा उचलला.

"आता तुम्ही हलायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि बटण कुठलं दाबायचं ते सांगा."