अक्षरं बारीक होती

आईच्या उजव्या कानावरची पट्टी सिस्टरनं नुकतीच बदलली होती. गालावरचं मलम अजून ओलं होतं. उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन पेटला, तेव्हा आई त्याच कुशीवर झोपलेली होती.

फोन बनवणाऱ्या कंपनीचा चौकशी अधिकारी स्टूल ओढून पलंगाशी बसला. लेक पायाशी उभी होती. तीही त्याच कंपनीत होती. फोनसोबत खोक्यात मिळणारी माहितीपुस्तिका तीच लिहायची. शेजारच्या पलंगावरची बाई पांघरूण डोक्यावर घेऊन ऐकत होती.

"काकू, फार त्रास देत नाही," तो म्हणाला. "फोन उशीखाली का ठेवला होता?"

"मग कुठं ठेवू? हिचा फोन यायला काही वेळ-काळ आहे का? बाहेरच्या खोलीत वाजला, तर माझे गुडघे सरळ होईपर्यंत बंद. वर ही मलाच ओरडते, उचलत का नाहीस, माझा जीव टांगणीला लागतो."

लेकीनं चादरीची सुरकुती सारखी केली.

"आणि पुस्तिका? ती वाचली होती?"

आईनं तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "नाही. तिला वाचताच येणार नाही. अक्षरं बारीक होती."

अधिकाऱ्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "मॅडम, विचार करून बोला. पुस्तिका तुमची आहे."

"माहीत आहे."

"इशारा वाचण्यासारखा नव्हता असं मी लिहिलं, तर चूक कंपनीची ठरेल. काकूंच्या कानाची शस्त्रक्रिया कंपनी करून देईल. पण मग वरचे तुम्हाला धरतील. अक्षरं एवढी बारीक करायला कोणी लावली, हे तिथं कोणी विचारणार नाही."

"लिहा तुम्ही."

माणूस मनानं वाईट नव्हता. ती शब्द फिरवायच्या आत त्यानं पेन उघडलं.

"थांबा हो," आई म्हणाली. "हिला का धरतील? हिनं काय केलं?"

"काही नाही आई. तू पड."

"पडलेलीच आहे. मी त्यांना विचारतेय."

अधिकारी घुटमळला. "म्हणजे काकू, इशारा नीट दिला नव्हता, असा अर्थ होतो."

"कोण म्हणतं?"

"आई, तुझ्या कानाचा प्रश्न आहे."

"कान माझाच आहे ना? मग मला बोलू दे. पुष्कळ ऐकून झालंय त्याचं."

पांघरुणाखाली शेजारीण खुदकन हसली.

आईनं कोपरावर भार देऊन स्वतःला वर उचललं. लेक पुढं झाली, तशी तिला हातानंच थोपवलं. गालाची कातडी ताणली गेली आणि डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पुसलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत, शाळेतली पोर कविता म्हणते तशी, एकेक शब्द सुटा करून ती म्हणू लागली.

"फोन चार्ज होत असताना तो उशी, गादी किंवा पांघरुणाखाली ठेवू नये. उष्णता बाहेर न पडल्यास बॅटरी पेट घेऊ शकते."

अधिकाऱ्याचं पेन कागदाच्या वर तसंच राहिलं. लेकीनं पलंगाची दांडी धरली.

"पान चौथं," आई म्हणाली. "पुढचं पानही येतं. म्हणू?"