सात नंबर बंद

श्रीशैलनं माइकवरून जाहीर केलं की आजपासून निर्णा गावाच्या कबड्डी संघात सात नंबर कुणालाही मिळणार नाही, आणि सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. रेणुकाबाईंनी वाजवल्या नाहीत. त्या बायकांच्या सतरंजीवर बसल्या होत्या आणि समोरच्या टेबलावर काचेच्या चौकटीत त्यांच्या पोराची जर्सी हात पसरून उभी होती.

धुळाप्पाला जाऊन वर्ष होत आलं होतं. हुमनाबादच्या रस्त्यावर दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीनं त्याला नेलं. श्रीशैल त्याचा जोडीदार, याच मैदानावर त्याच्यासोबत खेळलेला, आता अमेरिकेत नोकरीला. गेल्या आठवड्यात घरी येऊन, फोटो काढायचाय म्हणून तो जर्सी मागून घेऊन गेला होता. फोटो म्हणजे हे, हे रेणुकाबाईंना आत्ता कळत होतं.

श्रीशैल रंगात आला होता. तिकडे त्याच्या शहराचा फुटबॉलचा संघ आहे म्हणे. त्या फुटबॉलात चेंडू हातात धरून पळायचं आणि एकमेकांना आडवं पाडायचं, म्हणजे निम्मी कबड्डीच. संघ पणजोबांच्या काळातला. प्रत्येक सामन्याआधी एखादा म्हातारा खेळाडू येऊन घंटा वाजवतो, तेव्हा अख्खं मैदान उठून उभं राहतं. आणि त्यांचा एखादा मोठा खेळाडू गेला, की त्याचा नंबर कायमचा बंद. जर्सी काचेत ठेवतात, तीही न धुता, शेवटच्या सामन्याच्या मातीसकट. "तिथं असा मान देतेत," तो म्हणाला.

मान. रेणुकाबाईंची कानशिलं तापली. पोराचं मळकं कापड चारचौघांत टांगून ठेवलंय आणि गाव टाळ्या पिटतंय, याला मान म्हणायचं? त्या उठल्या, पदर खोचला आणि सरळ टेबलापाशी गेल्या.

"श्रीशैल, खोल ते."

"काकू, त्याची आठवण म्हणून..."

"आठवण मला शिकवू नगंस. नंबर बंद करणारा तू कोण? मला इचारलास का?"

"ह्याच्यापेक्षा मोठा मान न्हाई काकू तिथं. दुसऱ्या कुणी घालायचाच न्हाई. म्हंजे तो तसाच राहतोय."

"तसाच राहतोय व्हय? माझ्या सासऱ्याचं नाव धुळाप्पा. ते गेले, मग हे लेकरू झालं. पाळण्यात त्येंचंच नाव ठिवलं, तवा घरात पुन्ना धुळाप्पा म्हणून हाक मारता आली. आम्ही गेलेल्याचं नाव चालवताव, बाबा. ज्याच्या मागं कुणीच उरलं न्हाई, त्याचं बंद पडतंय. माझ्या लेकाच्या मागं एवढा गाव हाय, आन् तू बंद करायलास."

माइक चालूच होता. एकूण एक शब्द गावानं ऐकला.

सामने भरवणारे भगवानराव लगबगीनं पुढं आले. "रेणुकाबाई, पोरगं एवढ्या लांबून आलंय. सामना होऊ द्या, मग बघू."

"मग काय बघता, अण्णा? सामन्यातच घालायची हाय ती."

भगवानराव बाजूला सरले. मग श्रीशैलनंच चहावाल्याकडून चमचा मागून घेतला, चौकट पालथी केली आणि एकेक खिळा उचकटून काढला.

रेणुकाबाईंनी जर्सी हातात घेतली. धुवायला आता वेळ नव्हता. त्यांनी ती टेबलाच्या कडेवर दोनदा सपासप आपटली, वाळलेली माती झडली. धुळाप्पाच्या जागेवर खेळणारा हरिओम रेषेपाशी उभा होता, पाठीवर चिकटपट्टीनं सतरा नंबराचा कागद लावून. त्यांनी तो कागद टर्रकन ओढून काढला आणि जर्सी त्याच्या हातात कोंबली.

"काकू, मी कसा घालू?" हरिओम मागं सरकला.

"डोक्यातून. ढिली व्हईल, खोचून घे."

शिट्टी झाली. माइकवाल्यानं एकवार श्रीशैलकडे पाहिलं, श्रीशैलनं मान हलवली. "निर्ण्याकडून चढाईला निघालाय, सात नंबर..."

सतरंजीकडे परत न जाता रेणुकाबाई रेषेला लागूनच उभ्या राहिल्या, धुळाप्पाच्या चढाईला त्याला ओरडून सांगायला उभ्या राहायच्या तशा.

हरिओम दम धरून आत घुसला. डावीकडे हूल दिली, उजव्या कोपऱ्याकडे वळला आणि तिथं त्याचा पाय जरासा जास्त रेंगाळला. कोपऱ्यातल्या गड्यानं घोटा धरला, बाकीचे अंगावर कोसळले. धूळ बसली तेव्हा तो खाली पालथा पडला होता, मध्यरेषेला पोचायला हातभर कमी. पहिलीच चढाई, आणि त्याच नंबराची. जो तो रेणुकाबाईंच्या तोंडाकडे बघायला लागला.

त्या रेषेवरूनच ओरडल्या.

"कोपऱ्यात पाय सोडू नको म्हणून किती डाव सांगू रे तुला?"