चौघेही परत आले

“ह्यां सांगलंय तर तुमचो विश्वास बसाचो नाय,” केळीच्या पानावर भात वाढता वाढता दाजी म्हणाला, “पण त्या वादळात आमची होडी उडाली. चक्क उडाली! माडांच्या शेंड्यांवरसून गेली. जाता जाता माझ्या झिलान, लवू नाव तेचा, चार शहाळी काढल्यान.”

श्रीपादराव खो खो हसले. त्यांची बायको लीलाबाई हसली नाही. ती पानावरच्या बांगड्याकडे बघत बसली होती. बांगडाही तिच्याकडे बघत होता.

मालवणच्या बंदरावरची ही खाणावळ दाजीची सून सुभद्रा चालवायची. दिवाळीनंतरच्या वादळाने होड्या फोडल्या, माड आडवे केले, खाणावळीची कौलं नेली. कौलं परत घालता आली. पण मुंबईच्या वर्तमानपत्रांत छापून आलं, की मालवणच्या समुद्रात माणसं बुडाली, प्रेतं काही सापडली नाहीत. मग लोक म्हणू लागले, तिथल्या माशांनी काय खाल्लं असेल कुणास ठाऊक! आगबोट येत होती, माणसं उतरत होती, किल्ला बघत होती आणि बामणाच्या हॉटेलात पुरीभाजी खाऊन परत बोटीत चढत होती. दोन महिने सुभद्रेच्या चुलीवर घरच्या दोघांचीच पेज शिजत होती.

आणि आज हे दोघे आले. श्रीपादराव दादरच्या शाळेत मास्तर. शनिवारच्या बोटीने त्यांच्या शाळेतले बारा जण बायकामुलांसह यायचे होते. जेवणाखाण्याची सोय बघायला हे पुढे आलेले. संध्याकाळी ते तार करणार होते. ‘या’ म्हणून केली तर आठ दिवस खाणावळीत पाय ठेवायला जागा उरली नसती, आणि दादरची माणसं मासे खाऊन गेली हे ऐकून बाकीची मुंबई मागोमाग आली असती.

“खरं सांगा हं,” लीलाबाई म्हणाली. “या पाण्यात कोणी बुडालं ना?”

दाजी भाताचं भांडं घेऊन तिथेच उकिडवा बसला.

“बुडाला? कोण बुडाला? मोजा तुमीच. होडयेत आमी चौघे. मी, बाबू, बाबली आणि लवू. होडी उडत गेली ती थेट मामलेदाराच्या कचेरीवर. कौलांवर बसलंव. मामलेदार भायर येवन इचारता, ‘वर बसण्याचा परवाना काढलाय काय?’ लवू म्हणता, ‘सायबा, शहाळां घे आणि गप ऱ्हव!’ चारय जण शिडी लावन खाली उतारलंव. एक माणूस म्हणान मराक नाय, वैनीनू. मासे बिचारे उपाशी ऱ्हवले!”

श्रीपादरावांना ठसका लागला. लीलाबाईलाही हसू आवरेना. हसता हसता तिने बांगड्याचा तुकडा मोडला. तिरफळाचा वास घेतला आणि तोंडात टाकला. मग दुसरा. मग पान पुसून खाल्लं.

“बाराही जणांना इथेच आणायचं,” श्रीपादराव हात धुताना म्हणाले. “पण आजोबा, तुमचा लवू दाखवा की एकदा.”

“कारवाराक गेलो. नव्या होडयेक लाकडाचे फळे हाडूक.”

“आणि स्वयंपाक कोणी केला?” लीलाबाईने विचारलं.

“सुनेन. त्याचीच बायल. लाजता ती, भायर येवची नाय.”

“असं कसं? मी तिला बघितल्याशिवाय जायची नाही. अगं, ये ना गं बाहेर!”

सुभद्रा दारात आली. पदर भुवयांपर्यंत ओढलेला. लीलाबाईने हात कोरडे केले, पिशवीतून सकाळची देवळातली कुंकवाची पुडी काढली आणि सुभद्रेचा पदर मायेने मागे सारला.

“बघ, चुलीच्या घामाने सगळं पुसलं गेलंय. सवाष्णीने असं मोकळ्या कपाळाने राहू नये, बाई. नवरा होडी बांधतोय. ये, मी लावते.”

सुभद्रेने सासऱ्याकडे पाहिलं.

दाजी समुद्राकडे बघत होता. तिकडेच तोंड ठेवून तो बोलला.

“लावन घे गो. पावण्यांचो मान ऱ्हवांदे.”

लीलाबाईचं कुंकवाचं बोट पुढे आलं. सुभद्रेने तिचं मनगट अलगद धरलं.

“चारय जण परत इले म्हणतास, मामांनू?” ती म्हणाली. “मगे तुमच्या हातान तेरावो कोणाचो घातलास?”