सावरीचा साकव

देवूच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं त्या साली, म्हणजे चौसष्टात, मुंबईची कॉलेजातली पोरं बेटेगावच्या ओहोळावर साकव बांधायला आली. एकजुटीनं काम कसं करावं, हे त्यांना शिकायचं होतं. तोडायची समिती, वाहायची समिती, गाण्यांचीसुद्धा समिती. कुऱ्हाड मात्र एकालाही धरता येईना. त्यांनी उचलायला हलकी म्हणून सावरीची खोडं निवडली. देवूची बायको जिवली त्याच वाटेनं गवताचा भारा बोईसरला न्यायची, म्हणून त्याला राहवेना. "पोरांनो, सावर पान्यात कुजते. ऐनाची घाला." "आजोबा, ऐन जड. बैठकीत हात वर करून ठरलंय," म्होरक्या हसला. "पावसानं केला काय हात वर?" देवू थुंकला. पोरांनी साकवावर उभं राहून फोटो काढला, एकमेकांना शाबासकी दिली आणि गाडी पकडली. पासष्टच्या श्रावणात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, साकव मोडून जिवली ओहोळात मेली.