कमळाकरचा हवेचा अंदाज

कमळाकर आपल्या मिठागराच्या बांधावरून अनवाणी धावत सुटला होता. खाली खाडीच्या धक्क्यावर गोरखची होडी सुटायच्या बेतात होती आणि होडीत कमळाकरची लेक दिपा तान्ह्या पोराला घेऊन बसली होती. जावई न्हावा शेव्याच्या नव्या बंदरात नोकरीला, सासर पलीकडच्या तीरावर. मे संपत आला होता. नैर्ऋत्येला आभाळ काळं पडलं होतं आणि वारा एकदम पडला होता. अशा वेळी भर खाडीत सापडलेल्या होडीचं काही खरं नसतं.

हवेचं विचारावं तर कमळाकरला, असा त्याचा लौकिक होता. निदान तो तसं समजत होता. होडी काढण्याआधी गोरख रोज मिठागराकडून फेरी मारी, रामराम करी, आज हवा कशी म्हणून विचारी. कमळाकर ऐटीत आभाळाकडे बघून सांगे, "काय नाय. जा बिनघोर." आता खरं बोलून त्याला परवडणार कसं? पाऊस येतोय म्हटलं की मजूर आपापली झोपडी शाकारायला डोंगराकडे पळत आणि व्यापारी भाव पाडून मीठ मागत. म्हणून तोंडाने तो 'काय नाय' म्हणे आणि गोरखची पाठ वळली की मिठाच्या पांढऱ्या राशींवर गुपचूप पेंढा चढवी. अशा दिवशी बऱ्याचदा होडी सुटतच नसे. गोरख आळशी आहे, असं कमळाकरचं मत होतं.

आज मात्र पोटचा गोळा होडीत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने खरं सांगितलं. वादळ येतंय, आज खाडी ओलांडू नका, म्हणून त्याने गोरखचे हात धरले. गोरखने त्याच्या खांद्यावरून मिठागराकडे एक नजर टाकली आणि हसला. म्हाताऱ्याच्यानं लेक सोडवत नाय, असं म्हणत त्याने होडी लोटली. दिपाही हसली.

कमळाकर घसा बसेपर्यंत ओरडला. होडी लांब गेली. त्याला रडू फुटलं. आता हातांना ठाऊक असलेलं एकच काम उरलं होतं. तो बांधावर परतला आणि रडत रडतच राशींवर पेंढा टाकू लागला.

दुसरी रास झाकताना त्याने मान वर केली, तर होडी वळलेली. गोरख जीव खाऊन वल्ही मारत होता. पहिली सर कोसळली तेव्हा सगळे धक्क्यावर उतरले होते. कमळाकरने नातवाला उराशी धरलं. चिंब भिजूनही त्याची छाती फुगली. शेवटी त्याच्या शब्दाला वजन होतंच.

"आयकलात ना माजं?" तो म्हणाला.

दिपाने पदराने पोराचं डोकं पुसलं.

"तुमचं कोन आयकतं, बाबा? मी लहान व्हते तवापासून आख्खा गाव तुमचं मीठच बगतो. मगाशी उघडं व्हतं म्हनून गेलो, झाकलंत म्हनून वळलो."