आठशे तासांचा अंदाज

सहा वाजेपर्यंत प्रबोधला स्वतःलाच खोटं पाडायचं होतं. दुपारचे दोन वाजून गेले होते आणि समोरच्या पानावर नुसती तारीख होती.

लेख त्याचाच होता. ब्रिटनच्या लष्करी विमानांवर मतं मांडणारी एक छोटीशी वेबसाइट होती. तिथे निवृत्त अधिकारी आणि हौशी मंडळी एकमेकांची उणीदुणी काढत बसायची. प्रबोध तिथे दोन वर्षं ‘ओल्ड स्पॅनर’ या टोपणनावाने लिहीत होता. नवं विमान घ्यायचं की नाही हे ठरवायला ब्रिटिशांना दहा वर्षं लागतात, बेत रद्द करायला मात्र एक दुपार पुरते, आणि मग जुन्यालाच ठिगळं लावत बसतात, हे त्याचं लाडकं मत. गेल्या महिन्यात त्याने जुन्या मालवाहू विमानांवर लिहिलं. ती आणखी पाच वर्षं उडवणं हा शुद्ध वेडेपणा आहे, असं. पंखाच्या मुळाशी दुरुस्त करून बसवलेला सांधा कागदावर उड्डाणाचे तीन हजार तास टिकतो. प्रत्यक्षात तो आठशे तासांत तडकेल, आणि तेव्हा विमानात पन्नाससाठ सैनिक बसलेले असतील.

ते सांधे दुरुस्त करून देणारी कंपनी सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमध्ये होती आणि प्रबोध तिथेच नोकरीला होता. माणसाला मतं फुटली की पायाखालचं दिसत नाही. तरी त्याने आपल्या परीने काळजी घेतली होती. ऑफिसातला एक कागदही वापरला नव्हता. जाहीर निविदा वाचून, तोच भाग किती वेळा मागवलाय ते मोजून, आठशेचा अंदाज बांधला होता. कोण वाचतंय, असं त्याला वाटलं होतं.

वाचलं ते नेमकं लंडनच्या समितीने. दुरुस्तीचा करार वाढवायचा की नाही हे तीच ठरवणार होती. बैठक आज होती, सिंगापूरच्या संध्याकाळी सहाला. सकाळी निशिकांत सरांनी सगळ्यांना बोलावलं. ते कंपनीचे प्रमुख, मूळचे ठाण्याचे. करार गेला तर बावीस माणसं घरी जातील, असं त्यांनी सरळच सांगितलं. मग प्रबोधकडे बघून म्हणाले, बैठकीआधी समितीला या लेखाचं उत्तर पाठवायचंय, ते तू लिही, तुझं इंग्रजी बरं आहे.

नोकरी गेली की इथे राहायचा पास गेला, आणि पास गेला की महिन्याभरात सिंगापूर सोडायचं. त्याची बायको ऋचा नोव्हेनाच्या हॉस्पिटलमध्ये पडून होती. सहावा महिना. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. डॉक्टरांनी तिला बाथरूमपर्यंत चालायलाही मनाई केली होती. विमानप्रवासाचं तर नावही काढू नका म्हणाले होते.

तीन वाजता त्याने लिहिलेलं सगळं पुसलं. आपलाच लेख इतका पक्का बांधलेला, की कुठून पोखरावा कळेना. कुणाला सांगायची सोय नव्हती. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलेला, तक्रार कुणाकडे करणार?

चार वाजता ऋचाचा फोन आला. बाळ सकाळपासून हललं नव्हतं, आत्ता हललं, एवढंच सांगायचं होतं तिला. मग तिने विचारलं, “तू जेवलास का?” तो हो म्हणाला आणि पटकन फोन ठेवला. आणखी एक वाक्य ऐकलं असतं तर त्याला तिथेच रडू फुटलं असतं.

साडेचारला वाट सापडली. आठशे हा आकडा अंदाजाने काढलेला होता, आणि ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने लिहायला घेतलं. लेखकाने एकही सांधा मोजलेला नाही. भाग पुन्हा मागवला म्हणजे जुना तडकला असं होत नाही, साठ्यासाठीही मागवतात. निविदा वाचून तास काढणं म्हणजे वाण्याची यादी वाचून घरातल्यांची वयं सांगणं. वाक्यं भराभर येत गेली. आपण खोटं कुठे लिहितोय, तो स्वतःला बजावत होता, अंदाजाला अंदाजच तर म्हणतोय.

पावणेसहाला उत्तर गेलं. साडेसातला लंडनहून फोन आला. समितीने लेख बाजूला ठेवला होता. करार आणखी पाच वर्षांसाठी वाढवला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी प्रबोधला मिठी मारली. त्याने ऋचाला कळवलं, आपण इथेच आहोत. मग जिन्यात जाऊन तो पोटभर रडला.

परत आला तेव्हा निशिकांत सर केबिनमध्ये एकटेच होते. इतकं झाल्यावर त्यांच्यापासून लपवणं प्रबोधला जमेना.

“सर, तो लेख माझा होता.”

“माहीत आहे,” सर म्हणाले. “तुझं सगळं वाचतो मी. म्हणून तर उत्तर तुलाच लिहायला दिलं.”

प्रबोध मटकन खुर्चीत बसला. त्याने माफी मागितली. उगाच सगळ्यांच्या जिवाला घोर लावला, म्हणाला, हाती काही नसताना नुसता अंदाज ठोकून दिला.

सरांनी उठून दार लावून घेतलं.

“अंदाज तुझा चुकलाच,” ते म्हणाले.

प्रबोधने इतका मोठा श्वास सोडला की त्याचं त्यालाच हसू आलं.

सर हसले नाहीत. “मार्चमध्ये आम्ही चाचणी घेतली होती,” ते म्हणाले. “आठशे कुठले, साडेपाचशेलाच तडा गेला.”