काळ चुकला

“मी घरी गेले,” शाओमान दारात उभी राहून म्हणाली. इटालियनमध्ये, एकेक शब्द जपून टाकत.

वानयिंगने पुस्तकातून मान वर केली. “गेलीस कुठे? समोर तर उभी आहेस. कधी जायचंय?”

“उद्या.”

“मग ‘जाणार आहे’ म्हण. काळ चुकतोय तुझा.”

दोघी चीनच्या, त्यातही एकाच गुइयांग शहरातल्या. इटलीतल्या पेरुजा विद्यापीठाच्या वसतिगृहात त्यांच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. शाओमान सप्टेंबरात आली, तेव्हा वानयिंगला फोनवर आईशी गावच्या बोलीत बोलताना ऐकून तिने धावत येऊन तिचा हातच धरला होता. वानयिंगने तो सोडवून घेतला. स्वतःचं पहिलं वर्ष तिने चिनी मुलींच्या घोळक्यात काढलं होतं. तोंडी परीक्षेला प्राध्यापकांसमोर बसली की शब्द फुटायचा नाही. दोनदा नापास झाली. तेव्हापासून तिचा नियम होता, आईचा फोन सोडला तर बोलायचं ते इटालियनमध्येच. शाओमानलाही तिने तोच लावला. त्यात दुष्टावा नव्हता. आपण खाल्लेले टक्केटोणपे हिच्या वाट्याला नकोत, एवढंच.

शाओमान रोज यायची. कधी तिखट नूडल्सचा वाडगा घेऊन, कधी नुसतीच. वर्गात काही कळत नाही, गटात कुणी घेत नाही, असं सांगायला लागली की भराभर चिनी शब्द यायचे.

“इटालियनमध्ये, शाओमान.”

मग ती शब्द शोधायची. सापडले नाहीत की कसनुसं हसायची आणि “काही नाही, ताई,” म्हणून निघून जायची.

आज मात्र ती गेली नाही. “उद्या मी घरी जाणार आहे,” तिने म्हणून पाहिलं. वानयिंगने एक उच्चार सुधारला. तिने पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा वाक्य बिनचूक आलं.

“बघ, जमतंय की,” वानयिंग म्हणाली आणि परत पुस्तकात शिरली. शाओमान जराशी घुटमळली. मग तिने दार हलकेच ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वानयिंग परतली, तर शेजारची खोली सताड उघडी होती. पलंगावर चादर नव्हती, कपाट रिकामं. वसतिगृह सांभाळणाऱ्या लोरेदानाबाई खिडकी पुसत होत्या. पोरीने विद्यापीठ सोडलं, सकाळच्या बसने विमानतळावर गेली, असं त्यांनी सांगितलं. वानयिंगने तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. तो बंद होता. सात महिन्यांत पहिल्यांदाच तिला शाओमानशी चिनीत बोलायचं होतं.

“मला काहीच बोलली नाही ती,” वानयिंग कशीबशी म्हणाली.

लोरेदानाबाईंनी फडकं बाजूला ठेवलं. “असं कसं? मी विचारलं ना तिला, शेजारणीचा निरोप घेतलास का म्हणून. म्हणाली, घेतला. कसा घ्यायचा, तेही तिनेच शिकवलं.”